न मिळालेले पदक

आग्रही : कॅलिफोर्नियात क्लेअरमॉन्ट येथे 'थ्री व्हॅलीज' नावाचे पाणीपुरवठ्याचे एक लोकनियुक्त मंडळ आहे. त्या मंडळावर नव्याने निवडून आलेल्या झेव्हियर अल्वारेझ नावाच्या सभासदाने २३ जुलै २००७ च्या एका सभेत आपली ओळख करून दिली ती अशी, की आपण २५ वर्षे मरीन दलात नोकरी केली, २००१ साली निवृत्त झालो, १९८७ साली आपणांस 'मेडल ऑफ ऑनर' मिळाले, आणि एकाच माणसाच्या हातून आपण पुष्कळदा जखमी झालो. या गृहस्थाने मरीन दलात एक दिवसही काढलेला नव्हता. आपण डेट्रॉइटच्या आइस हॉकी संघातून खेळलो, मेक्सिकोतल्या एका नटीशी लग्न लावले, अशाही थापा तो मारीत असे, आणि त्या हसण्यावारी नेता येतात. परंतु जे पदक अमेरिकेच्या यादवी युद्धापासून आजपर्यंत सुमारे साडेतीन हजार माणसांच्या वाट्याला आले, आणि त्यांतल्या कित्येकांच्या बाबतीत तर त्यांच्या मागे त्यांच्या विधवेच्या किंवा आईच्या हाती द्यावे लागले, ते या माणसाने पाण्याच्या कारभाराची चर्चा करणाऱ्या सभेत, ताटलीतले बिस्किट उचलावे तसे उचलले. अमेरिकन काँग्रेसने केलेल्या आणि २००६ च्या डिसेंबरात अमलात आलेल्या कायद्याप्रमाणे असे खोटे बोलणे हाच गुन्हा होता. एरवी सहा महिने आणि या सर्वोच्च पदकाच्या बाबतीत एक वर्षापर्यंत कैद. खालच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, ५,००० डॉलर दंड, तीन वर्षांची देखरेख आणि ४१६ तासांची समाजसेवा एवढी शिक्षा झाली; आणि मग २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदाच घटनाविरोधी ठरवून त्याला मोकळे केले. त्याच दिवशी आरोग्यविम्याच्या कायद्याचा मोठा निकाल लागल्यामुळे या निकालाकडे लोकांचे जावे तेवढे लक्ष गेले नाही. मला समजत नाही ते एवढेच, की ज्या वाक्स्वातंत्र्यासाठी शहाण्या माणसांनी तुरुंगवास पत्करले, त्याची ढाल एका भामट्याच्या छातीपुढे धरण्याची न्यायमूर्तींना कोणती निकड पडली होती?

साशंक : तो भामटा होता याविषयी न्यायमूर्तींचेही दुमत नव्हते. मुख्य निकाल लिहिणाऱ्या केनेडींनी तर खोटे बोलणे ही त्याची सवयच होती असे पहिल्या काही ओळींतच नोंदवून ठेवले आहे. तेव्हा त्याची अब्रू राखण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न कायद्याच्या शब्दांचा होता, आणि कायदा एका माणसासाठी लिहिता येत नाही ही त्यातली मूळ अडचण. तुमच्या त्या कायद्यात स्थळ सांगितलेले नाही, प्रसंग सांगितलेला नाही, बोलणाऱ्याचा हेतू काय आणि ऐकणाऱ्याचे नुकसान काय याचा उल्लेख नाही. सभेत बोललेले, गुत्त्यात बोललेले, सोयरिकीच्या बोलण्यात मुलीच्या बापाला सांगितलेले, फार काय, रात्री घरात नवऱ्याने बायकोच्या कानात कुजबुजलेले, सारे एकाच मापाने मोजले जाणार. आजवर सरकारने मिथ्याभाषणाला शिक्षा केली ती त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या एखाद्या दुखापतीमुळे. येथे प्रथमच असे म्हटले गेले, की दुखापत कोठे दाखवता आली नाही तरी वाक्य असत्य आहे एवढे पुरे. आणि एकदा एका विषयापुरते हे पुरे मानले, की दुसऱ्या विषयाला ते अपुरे का, याचे उत्तर त्या कायद्याच्या पोटात कोठेच मिळत नाही. म्हणून केनेडींना ऑर्वेलच्या कादंबरीतल्या सत्याच्या मंत्रालयाची आठवण झाली.

आग्रही : ऑर्वेलला प्रत्येक बैठकीला बोलावण्याची ही रीत मला सोईची वाटते, खरी वाटत नाही. सरकारने सत्य निर्माण करणे वेगळे, आणि सरकारनेच दिलेल्या वस्तूविषयी ती मी दिली की नाही एवढे सांगणे वेगळे. हे पदक कोणाला द्यायचे ते सरकार ठरवते, सरकारच ते घडवते, त्याची यादी सरकारच्याच दप्तरात असते. शपथेवर खोटे बोलणाऱ्याला तुम्ही तुरुंगात धाडता, दुसऱ्याची बेअब्रू करणाऱ्यावर फिर्याद चालू देता, नकली नाणे पाडणाऱ्याला तर कोणतेच राज्य सोडीत नाही. मान हेही एक नाणेच आहे. राज्यापाशी शिपायाला देण्यासाठी पगाराव्यतिरिक्त एवढीच एक गोष्ट असते, आणि ती पितळेच्या तुकड्यावर आणि फितीवर उठवलेली असते. त्या तुकड्याची किंमत त्याच्या दुर्मिळतेत आहे. भिन्नमत देणारे न्यायमूर्ती अलिटो यांनी नेमके हेच मांडले आहे. उंची घड्याळे आणि बायकांच्या पर्सेस यांच्या नावलौकिकाला नकली मालापासून कायदा संरक्षण देतो, आणि राष्ट्राच्या सर्वोच्च सन्मानाला मात्र ते देता येत नाही, हा न्याय कसला? अल्वारेझ हा एकटाही नव्हता. व्हर्जिनिया या एका राज्यात एका वर्षात ६०० हून अधिक रहिवाशांनी हे पदक आपल्याला मिळाल्याचा खोटा दावा केल्याचे अलिटोंनी नमूद केले आहे. नाणी इतकी वाढली म्हणजे खऱ्या नाण्याकडेही दुकानदार उलटसुलट करून पाहू लागतो. ज्याने एक पाय गमावला त्याला, तुम्हीच ते का, असे विचारण्याची पाळी येते, आणि ही दुखापत तुम्हांला दिसत नाही!

साशंक : दिसते; पण नाण्याची उपमा तुम्ही जितकी ओढाल तितकी ती तुटेल. नकली रुपया हातोहात फिरतो, आणि तो ज्याच्या हाती शेवटी उरतो त्याचा रुपया बुडतो. अल्वारेझच्या बोलण्याने कोणाचे पदक बुडाले? त्या सभेतल्या एकाने तरी खऱ्या पदकधारकाविषयी मनातला आदर कमी केला काय? उलट बोभाटा झाला, आणि सरकारी तपास सुरू होण्यापूर्वीच त्याचे बिंग फुटून गावात त्याची छी-थू झाली होती. ही शिक्षा कोणत्या कलमाखाली झाली? लोक ज्या पदकासाठी एवढे चिडले त्याची किंमत त्या चिडण्यानेच सिद्ध झाली, असे मी म्हणेन. तुमचे ६०० लोक घ्या. अशा दाव्यांवर ज्यांनी करात सूट किंवा सरकारी सवलत उपटली असेल त्यांनी लबाडी केली, आणि लबाडीला कायदा पूर्वीही होता, आजही आहे. निकालानंतर वर्षाच्या आतच, ३ जून २०१३ रोजी ओबामांच्या सहीने नवा कायदा आला. पैसा, मालमत्ता किंवा दुसरा एखादा मूर्त लाभ मिळवण्याच्या हेतूने जो पदकाचा खोटा दावा करील तो गुन्हेगार, असे त्यात आहे. हे कोणीही घटनाविरोधी म्हणणार नाही.

आता अलिटोंच्याच निवाड्यातली दुसरी एक गोष्ट पाहा, कारण मला ती पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. प्रतिष्ठितांच्या एका चरित्रकोशात वरच्या दर्जाची पदके मिळाल्याचे सांगणाऱ्या ३३३ माणसांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या एक-तृतीयांश दाव्यांना आधार सापडला नाही, असे तेथे म्हटले आहे. आधार सापडला नाही, आणि दावा खोटा ठरला, या दोहोंत जे अंतर आहे त्यात माझा सगळा संशय राहतो. सेंट लुईसला अमेरिकन सैनिकांच्या नोकरीची कागदपत्रे ठेवण्याचे मोठे दप्तर आहे. १२ जुलै १९७३ रोजी त्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून जास्त फायली जळाल्या. १९१२ ते १९६० च्या दरम्यान लष्करातून मोकळ्या झालेल्या माणसांची शंभरातली ऐंशी कागदपत्रे त्यात गेली, आणि त्यांची दुसरी प्रत कोठे नव्हती. सर्वोच्च पदकाची यादी वेगळी असते हे मला ठाऊक आहे. पण तुमचा कायदा एका पदकापुरता नव्हता, लष्कराच्या साऱ्या पदकांना आणि बिल्ल्यांना तो लागू होता. खोटे शोधायला निघालेले सरकार पहिल्या प्रथम खऱ्याच्या दारात उभे राहून दाखला मागते. हे आपल्याला अमेरिकेकडून शिकण्याचे कारण नाही. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले, तेव्हा त्याचाही उद्देश बनावट सनदा हुडकून काढण्याचाच सांगितला जात होता. आणि पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या ताब्यात जमिनी होत्या त्यांना, पणजाच्या हाती पेशव्यांच्या वेळी पडलेला कागद दाखवा, असे हुकूम सुटले. कागद कोठे वाळवीने खाल्लेला, कोठे पेंढाऱ्यांच्या दंग्यात जळालेला. ज्यांनी खोट्या सनदा रचल्या होत्या त्यांचे कागद मात्र, तुम्हीच सांगा, कसे असतील? चोख असतील.

आग्रही : इनाम कमिशनच्या जाचाची आठवण मला पटते, पण तिच्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो पटत नाही. जमिनीच्या नोंदीत आजही चुका होतात, सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचे नाव वर्षानुवर्षे राहते, म्हणून खोटे खरेदीखत करणे हा गुन्हाच नाही असे कोणी म्हणत नाही. सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाका. दावा खोटा आहे आणि तो जाणूनबुजून केला आहे, हे निःसंशय शाबीत झाल्यावाचून शिक्षा देऊ नका. एवढे केले की तुमचा वाळवीने खाल्लेला दाखला माझ्या आड येत नाही. ज्याच्या फायली जळाल्या त्याच्यावर खटला उभाच राहणार नाही.

आणि आता मलाही आपल्याकडचा एक दाखला देऊ द्या. पानिपतावर १७६१ साली सदाशिवराव भाऊ पडले, आणि पुढे एक तोतया निघाला, जो म्हणू लागला, भाऊ तो मीच. चौकशी होऊन तो खोटा ठरला, कैदेत पडला, कैदेतून निसटला, आणि कोकणात माणसे जमवून त्याने एकामागून एक किल्ले घेतले. शेवटी १७७६ साली पकडून पुण्यास त्याला देहान्त शासन झाले. रणावर पडलेल्या माणसाचा मान हा सैन्याला एकत्र आणणारा मंत्र असतो, म्हणून तो चोरणाऱ्याचे बोलणे 'नुसते बोलणे' राहत नाही. लोक अशा माणसाच्या मागे जातात. 'तोतया' हा शब्द मराठीने आजतागायत जपून ठेवला आहे, तो काय उगाच?

साशंक : तोतयाची गोष्ट तुम्ही काढलीत हे बरे झाले. त्याला देहान्त शासन झाले ते त्याने किल्ले घेतले, राज्याविरुद्ध शस्त्र धरले म्हणून. पहिल्या चौकशीत जेव्हा त्याच्यापाशी नुसता दावा होता, तेव्हा त्याला नुसती कैद झाली. आणि तेही राजवारसाच्या नात्याचा प्रश्न होता म्हणून, जेथे शब्द आणि राज्य यांच्यात वीतभरही अंतर नसते. पाणी-मंडळाच्या सभासदाला कोणी किल्ले देणार नव्हते. पण त्या प्रकरणात मला खरे बोचते ते निराळेच. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी भाऊ जिवंत आहेत असे मानून वैधव्य पत्करले नाही. सरकारदरबारी भाऊ मेले होते. बाईंच्या लेखी नव्हते. दप्तराने सांगितलेले सत्य न मानणे हा जर गुन्हा ठरवला, तर पहिला खटला कोणावर भरावा लागेल याचा विचार करा.

नाणे खोटे पाडतो तो नेहमी बाहेरचाच असतो असेही नाही. यादवी युद्धात १८६३ साली मेन राज्याच्या २७ व्या पलटणीची मुदत संपत आली असता, राजधानीच्या रक्षणासाठी जे मागे राहतील त्यांना हे पदक देऊ असे आश्वासन दिले गेले. राहिले सुमारे ३००. नंतर कारकुनी घोळात पदके गेली ८६४, म्हणजे जे घरी गेले त्यांनाही! १९१६ च्या कायद्याने निवृत्त सेनाधिकाऱ्यांचे एक मंडळ छाननीला बसले, आणि १९१७ साली त्याने एकंदर ९११ नावे यादीतून खोडली. त्यांत या पलटणीची होती, तशी मेरी वॉकर या बाईचेही होते. ही शस्त्रवैद्य, यादवीत जखमींची शुश्रूषा करीत असताना १८६४ साली शत्रूच्या हाती लागून चार महिने रिचमंडला कैदेत पडलेली. १८६५ साली तिला पदक मिळाले, आणि ५० वर्षांनी मंडळाला आढळले, की ती लष्कराची नोकर नसून करारावरची डॉक्टर होती. नाव खोडलेल्या माणसाने ते पदक अंगावर घालणे हा त्याच कायद्याने गुन्हा होता. बाईने पदक परत केले नाही. १९१९ साली मरेपर्यंत ती ते लावून हिंडत असे. १९७७ साली सरकारने तिचे नाव पुन्हा यादीत घेतले. आता सांगा, १९१७ ते १९१९ या दोन वर्षांत तिने कोणाला आपल्याला हे पदक मिळाले आहे असे सांगितले असेल, तर ते खरे की खोटे?

आग्रही : खरेच, आणि तिच्यावर खटला झाला असता तर मी लाजेने मान खाली घातली असती. पण मी तिच्या बाजूने का आहे हे तुम्ही पाहा. तिने जखमा बांधल्या, कैद भोगली, म्हणून. आपल्या दोघांचाही जीव त्या घडलेल्या गोष्टीत गुंतला आहे, यादीत नाही. अल्वारेझपाशी ती गोष्टच नव्हती. तुम्ही कडेची उदाहरणे दाखवून मधला सारा मुलूख मोकळा करू पाहता. तेथे कागदही आहेत, साक्षीदारही आहेत, खोटे खोटे म्हणून उघडे आहे, आणि तरी त्याला हात लावता येत नाही.

तुम्ही म्हणाल, समाजाने छी-थू करावी. खोट्या बोलण्याला खऱ्या बोलण्याने उत्तर द्यावे, असे केनेडीही म्हणतात. शिवाय सरकारने पदकधारकांची यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी, म्हणजे काम भागेल, अशी त्यांची सूचना. यादी निकालानंतर महिन्याभरात ठेवलीही गेली. तिची सुरुवात २००१ च्या सप्टेंबरनंतरच्या सर्वोच्च पदकांपासून. व्हिएतनामच्या चिखलातून आलेल्या माणसाने काय करावे? आणि हे उत्तर द्यायचे कोणी? ज्याचा भाऊ खरोखर मेला त्याने, रात्री जागून, प्रत्येक बढाईखोराच्या मागे लागून. ही वेठ तुम्ही मृतांच्या घरच्यांवर लादता आणि तिला स्वातंत्र्य म्हणता.

माझा मुख्य आक्षेप तर २०१३ च्या कायद्यावर आहे, ज्याचा तुम्ही मघाशी तोडगा म्हणून उल्लेख केलात. त्याने काय ठरवले? पदकाचे खोटे सांगून १०० डॉलर उपटले तर गुन्हा, आणि साऱ्या गावाचा आदर उपटला तर काही नाही. म्हणजे पैसा मूर्त, मान अमूर्त. पण शिपाई जो पुढे सरसावतो तो काय पैशासाठी? ज्या एका गोष्टीसाठी तो प्राण देतो ती कायद्याच्या लेखी लाभच नाही. आणि ज्या गोष्टीकडे तो त्या घटकेला पाहतही नाही, ती कायद्याने तेवढी मोजली. व्यापाऱ्याच्या पेढीवरचा हा हिशेब तुम्ही रणांगणाला लावलात!

साशंक : हा घाव मला लागला, आणि मी तो झाकून ठेवीत नाही. मान हा लाभ आहे, कित्येकदा पैशाहून मोठा. आणि त्या कायद्याच्या भाषेत त्याला जागा नाही, हे खरे. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी, केनेडींच्या निकालाला पाठिंबा देतानाच, अधिक नेमका, ठरावीक प्रसंगांपुरता आणि नुकसानीचा पुरावा मागणारा कायदा टिकू शकेल असे सुचवून जे दार किलकिले ठेवले, ते बहुधा याच टोचणीमुळे. निवडणुकीला उभा राहणारा माणूस मते मागताना असे बोलला, तर मतदाराचे मत हा लाभ धरावा की नाही? मी 'नाही' असे ठासून म्हणू शकत नाही. तरी 'होय' म्हणतानाही माझी जीभ अडखळते, कारण मतांच्या बाजारात खोटे कोणते याचा निवाडा करणारा ज्या घटकेला सरकारचा नोकर होतो, त्या घटकेला सगळ्यांत मोठा उमेदवार कोण हे विसरून चालत नाही.

आपल्याच उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न दुसऱ्या वेषात आला होता. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी इंटरनेटवर जे काही लिहिले जाईल त्यांतले बनावट, खोटे किंवा दिशाभूल करणारे काय, हे सरकारनेच नेमलेल्या एका कक्षाने ठरवावे, असा नियम २०२३ च्या एप्रिलात निघाला. मुंबई उच्च न्यायालयात ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो नियम रद्द झाला. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात वाणीवर बंधने घालण्याची जी कारणे एकामागून एक दिली आहेत, त्यांत अब्रुनुकसानी आहे, सुव्यवस्था आहे, न्यायालयाचा अवमान आहे. पण नुसते असत्य हे कारण त्यांत नाही. घटनाकारांना असत्य आवडत होते म्हणून ते गाळले गेले असेल, असे मला वाटत नाही.

आग्रही : येथे मी तुम्हांला थांबवतो. सरकारचा कारभार चांगला की वाईट, योजनेचे पैसे पोचले की नाही, हे वादाचे विषय आहेत. त्यांत आज खोटे वाटलेले उद्या खरे निघते. अमुक माणूस अमुक पलटणीत होता की नाही हा वादाचा विषय नाही. त्या दोहोंना एका दावणीला बांधून तुम्ही पहिल्याचे बळ दुसऱ्याला देता. आणि आपल्याकडची गोष्ट काढता, तर पूर्ण काढा. १८६० च्या दंडसंहितेच्या १४० व्या कलमाने, शिपाई नसताना शिपायाचा पोशाख घालणाऱ्याला किंवा त्याची खूण धारण करणाऱ्याला, लोकांनी आपल्याला शिपाई समजावे असा त्याचा हेतू असेल तर, तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली होती; आणि नव्या न्यायसंहितेत १६८ व्या कलमाने ते तसेच पुढे चालू राहिले, दंड तेवढा ५०० रुपयांचा २,००० पर्यंत गेला. म्हणजे अंगावर चढवलेल्या खोट्याला शिक्षा आहे, तोंडाने बोललेल्याला नाही. हा भेद तुम्ही कसा समर्थनीय ठरवता? कापडाने फसवले तर फसवणूक, आणि जिभेने फसवले तर विचार?

साशंक : वर्दी घालून माणूस फाटकातून आत जातो, शिपायांना हुकूम सोडतो, रेल्वेच्या डब्यात लोकांना उठवतो. वर्दीत हुकमत असते, आणि ती पाहणाऱ्याला उलट विचारण्याची सवड देत नाही. बोलणाऱ्याला ती सवड असते. तुम्ही 'कुठल्या पलटणीत?' असे विचारू शकता, आणि जो खोटा असतो तो बहुधा दुसऱ्या प्रश्नाला अडकतो. पण मी कबूल करतो, की नुसत्या कोटाच्या खिशावर लावलेल्या पदकाला हा युक्तिवाद पुरत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने, न मिळालेली पदके छातीवर लावणे हाही बोलण्याचाच एक प्रकार मानून त्याला संरक्षण दिले, तेव्हा माझ्या बाजूचा निकाल असूनही मला तो वाचून समाधान वाटले नाही. ते का, हे मी अजून स्वतःला नीट सांगू शकलेलो नाही.

आग्रही : मी सांगू? कारण पदक ही वस्तू आहे. तुम्ही वाक्यांविषयी बोलत असता तेव्हा ठीक असता. वस्तू हातात आली की तुमचाही हात कचरतो. आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत, आजीच्या इरकलीच्या घडीत, एक चांदीचे पदक आहे, १९१४-१८ च्या युद्धातले. फीत झडून गेली आहे, नुसती चकती राहिली आहे. आजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात होते. लहानपणी ते आमच्या हाती कधी दिले नाही. दसऱ्याला बाहेर काढायचे, चिंचेने घासायचे, शस्त्रांबरोबर पाटावर ठेवून त्याला हळद-कुंकू वाहायचे आणि परत ठेवायचे. उद्या कोणी परका माणूस ते लावून गावात मिरवू लागला, तर मी त्याच्याशी वाक्स्वातंत्र्याची चर्चा करीत बसणार नाही.

साशंक : बसू नका, मीही तुमच्याबरोबर येईन, आणि त्याच्या कोटावरून ते आपण दोघे मिळून काढू. पण पोलिसाला बरोबर न्यायचे की नाही, एवढाच आपला वाद आहे. एक विचारतो, रागावू नका. आजोबांचा काही दाखला आहे तुमच्यापाशी?

आग्रही : नाही. डिस्चार्जचा कागद होता, तो घराचे छप्पर गळत होते त्या साली भिजून लगदा झाला. मी एका दप्तराला दोनदा लिहिले. एकदा उत्तर आले नाही, आणि दुसऱ्यांदा नोंद आढळत नाही असे आले. पण दाखल्याची गरज काय? त्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण हे सारे कोरलेले असे, आमच्यावरही आहे.

साशंक : चोर बाजारातही तशी पदके मिळतात, आणि त्यांच्याही कडेवर नावे असतात. कडेवर आहे ते नाव तुमच्याच आजोबांचे, हे कोठे लिहिले आहे?

आग्रही : कोठेच नाही. नाव बरोबर आहे, पलटणही बरोबर आहे. आडनाव इंग्रजीत चुकीचे कोरले आहे.